रोल केज: पोकळ पाइपाची ताकद

जीपमध्ये रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी आतली माणसं चेपू नयेत म्हणून बसवलेला पोलादी नळ्यांचा पिंजरा, घालायचा विषय निघाला की कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच, "भरीव सळई घाला, पोकळ पाइपात काय दम असतो?" ही समजूत साफ चुकीची आहे. ती का चुकीची, हे कळलं की निम्मा रोल केज कळला.

गाडी पलटी होते तेव्हा टपावर येणारा भार केजच्या नळ्या वाकवायला बघतो. नळी वाकताना तिच्या एका बाजूचं पोलाद ताणलं जातं, दुसऱ्या बाजूचं दाबलं जातं. मधोमध एक पातळी अशी असते की तिथे ना ताण, ना दाब. भरीव सळईच्या गाभ्यातलं पोलाद त्यामुळे जवळपास काहीच काम करत नाही, वजन मात्र पुरेपूर भरतं. वाकण्याला विरोध करण्यात प्रत्येक कणाचा वाटा या मधल्या पातळीपासूनच्या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. अंतर दुप्पट, तर वाटा चौपट.

आता आकडेच मांडू. मोटरस्पोर्टची आंतरराष्ट्रीय नियामक संस्था एफआयए चालकामागच्या मुख्य कमानीसाठी किमान ४५ मिमी व्यासाची, २.५ मिमी जाडीची जोडरहित पोलादी नळी मागते (किंवा ५० मिमी आणि २ मिमी). ही ४५ मिमीची नळी मीटरला साधारण २.६ किलो भरते. तेवढ्याच वजनाच्या भरीव सळईचा व्यास येतो जेमतेम २०.६ मिमी. वाकण्याला कोण किती विरोध करतं हे मोजायला बाहेरच्या व्यासाच्या चौथ्या घातातून आतल्या व्यासाचा चौथा घात वजा करा, पायने गुणा, ६४ ने भागा. नळीसाठी उत्तर येतं सुमारे ७५,६००, सळईसाठी ८,८००. म्हणजे तेवढ्याच पोलादात नळी साडेआठ पट ताठ! कायमची वाकण्याआधी ती भारही जवळजवळ चौपट सोसते.

मग व्यास वाढवत आणि पत्रा पातळ करतच का जाऊ नये? कारण पातळ भिंत एका जागी चेपते, आणि चेपली की नळी तिथेच दुमडते. बाक काढतानाही हाच धोका असतो. म्हणून बाकाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवतात. बाकाच्या आतल्या बाजूला सुरकुती दिसली तर तो तुकडा सरळ बाद करावा.

नळी कितीही चांगली असली तरी नुसती चौकट पुरत नाही. काड्यापेटीचं बाहेरचं खोकं कोपऱ्यावर दाबलं की बाजू न मोडताच चपटं होतं. चौकटीचंही तेच होतं. तिरकी नळी टाकली की त्रिकोण बनतात, आणि मग नळ्यांवर मुख्यतः ताण किंवा दाब येतो, वाकवणारा भार फारच कमी उरतो.

केजच्या पायांकडेही, म्हणजे नळ्यांच्या खालच्या टोकांकडेही, नीट बघा. गाडीच्या तळाचा पत्रा पातळ असतो. त्यावर थेट टेकवलेला पाय गाडी उलटताना पत्रा फाडून खाली जातो, म्हणून एफआयएच्या नियमांत पायाखाली किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी लागते. महिंद्रा थारसारख्या गाड्यांमध्ये बॉडी चॅसिसवर (खालच्या पोलादी सांगाड्यावर) रबरी बुशांवर बसलेली असते. एक पाय बॉडीला आणि दुसरा चॅसिसला जखडला, तर प्रत्येक खड्ड्यात दोघांची हालचाल वेगळी होते आणि वेल्डिंगला तडे जातात.

जाहिरातींतल्या 'मिलिटरी ग्रेड' शब्दांना भुलू नका. त्यावरून ना नळीची जाडी कळते, ना पोलादाचा दर्जा. क्रोमोली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं) पोलाद जास्त भार सोसतं हे खरं, पण त्याचा ताठपणा साध्या पोलादाएवढाच असतो. प्लंबिंगचा जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप तर नकोच. वेल्डिंग करताना त्यावरचं जस्त जळतं, सांध्यात छिद्रं राहतात आणि तो धूर वेल्डरला ताप आणतो.

हे सगळं हेल्मेट घालून, पक्क्या बेल्टनिशी गाडी हाकणाऱ्यांसाठी आहे. रोजच्या वापराच्या गाडीत डोक्याशेजारी पोलादी नळी आली की साध्या धडकेतही उघडी कवटी तिच्यावर आपटू शकते, फोम लावला तरी. शिवाय टपाजवळ वाढलेलं वजन गुरुत्वमध्य वर नेतं, म्हणजे गाडी उलटायला थोडी सोपीच होते. नाशिकला बनणाऱ्या २०२० नंतरच्या थारमध्ये कंपनीनेच केज दिला आहे. त्यात कापाकापी करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरबदलांविषयीचं कलम ५२ वाचा आणि आरटीओत चौकशी करा.