तलावाला किती सोसतं? तुमचा एसटीपी, मिलिग्रॅम आणि किलो
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नागपूर

नागपुरातल्या सोसायट्या, वसतिगृहं, मंगल कार्यालयं आणि हॉटेलं यांचे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, म्हणजे एसटीपी, सांभाळणं आणि पाण्याची तपासणी करणं हे आमचं काम. अहवाल दिला की बहुतेक सचिव शेवटच्या रकान्यातला ‘मर्यादेत’ हा शब्द पाहतात, सही होते आणि फाइल कपाटात जाते. अलीकडे मात्र काही जण पुढचं विचारू लागले आहेत. आमचं पाणी मर्यादेत, शेजारच्या सोसायटीचं मर्यादेत, कोपऱ्यावरच्या हॉटेलचंही मर्यादेत. मग नाल्याला वास का येतो? तलावावर जलकुंभी का पसरते? हा प्रश्न विचारणाऱ्यांचं आम्हाला मनापासून कौतुक वाटतं. त्याचं नीट उत्तर एका फोनवर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

मिलिग्रॅम एक सांगतो, किलो दुसरंच

अहवालात आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असतात. म्हणजे एका लिटर पाण्यात घाण किती, एवढंच ते सांगतात. असे लिटर दिवसाला किती सोडले, हे त्या कागदावर नसतं. तलावाला मात्र फरक पडतो तो एकूण वजनाने. पंगतीच्या वरणात प्रत्येकाने चिमूटभरच मीठ टाकलं, तरी शंभर जणांनी टाकल्यावर ते वरण खाता येणार नाही.

हिशेब सोपा आहे. दिवसाला सोडलेलं पाणी घनमीटरमध्ये घ्या, त्याला अहवालातल्या मिलिग्रॅमने गुणा आणि हजाराने भागा. आलेला आकडा म्हणजे तुमचे रोजचे किलो.

शंभर फ्लॅटची सोसायटी घेऊ. साधारण ४५० माणसं, माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होतं. म्हणजे दिवसाला जवळपास ५० घनमीटर. कच्च्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला २५० मिलिग्रॅम धरला, तर साडेबारा किलो. बीओडी म्हणजे ही घाण कुजवताना सूक्ष्मजीव पाण्यातला जो प्राणवायू खातात, त्याचं माप. एसटीपी नीट चालला आणि बीओडी १० वर आला, तर उरतो अर्धा किलो. साडेबाराचा अर्धा किलो होणं ही मोठी गोष्ट आहे आणि त्याचं श्रेय प्रकल्प चालवणाऱ्या ऑपरेटरला द्यायला हवं.

खरी अडचण फॉस्फरसची

बीओडीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, फॉस्फरसकडे फारसं कुणाचं नसतं. तलावाच्या बाबतीत आम्हाला सर्वात जास्त काळजी वाटते ती त्याचीच.

फॉस्फरस मलमूत्रातून येतो, काही डिटर्जंटमधून येतो, बागेतल्या आणि शेतातल्या खतातून येतो. एसटीपीतले जिवाणू सेंद्रिय घाण खातात, तिचा बराचसा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. फॉस्फरसला हवेत जायची वाटच नाही. तो एक तर पाण्यासोबत बाहेर पडतो, नाही तर गाळात बसतो. म्हणूनच ज्या प्रकल्पाचा बीओडी उत्तम आहे, त्याच्या पाण्यातही फॉस्फरस भरपूर असू शकतो.

तलावात गेल्यावर तो काय करतो, हे कॅनडात १९७३ मध्ये सुरू झालेल्या एका प्रयोगाने स्पष्ट दाखवलं. ओंटारिओ प्रांतातल्या ‘लेक २२६’ या लहान तलावाच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन टाकले. फॉस्फरस फक्त एकात. फॉस्फरस मिळालेला भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा नाही.

गणितही पाहा. गोड्या पाण्यात बहुतेक वेळा कमतरता असते ती फॉस्फरसचीच. अशा पाण्यात १ ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे १०० ग्रॅम सुकं शेवाळ वाढू शकतं आणि ते मरून कुजताना जवळपास १४० ग्रॅम प्राणवायू ओढतं. आपल्या शंभर फ्लॅटच्या सोसायटीच्या शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला ५ मिलिग्रॅम फॉस्फरस उरला असेल, तर दिवसाला तो पाव किलो होतो. पाव किलोवर पंचवीस किलो शेवाळ, आणि त्याच्या कुजण्याला पस्तीस किलो प्राणवायू. त्याच पाण्याचा बीओडी अर्धाच किलो होता. अहवाल चांगला आणि तलाव आजारी, असं होतं ते यामुळे.

सोसेल तेवढ्याचीच वाटणी

आधी प्रत्येक नळीची मर्यादा ठरवायची आणि मग तलावाचं काय होतं ते पाहायचं, ही झाली रुळलेली पद्धत. दुसरी पद्धत तलावापासून सुरू होते. हे पाणी कशासाठी हवं आहे? पिण्यासाठी, आंघोळीसाठी, मासोळीसाठी? त्यासाठी ते किती स्वच्छ असायला हवं? तेवढं स्वच्छ राहून त्याला दिवसाला किती किलो पचेल? हा आकडा काढायचा आणि तेवढाच सगळ्यांत वाटायचा.

अमेरिकेत १९७२ च्या ‘क्लीन वॉटर अ‍ॅक्ट’ने हे बंधनकारक केलं. तिथलं प्रत्येक राज्य बिघडलेल्या नद्या-तलावांची यादी करतं आणि त्यातल्या प्रत्येकासाठी ‘टोटल मॅक्सिमम डेली लोड’, म्हणजे टीएमडीएल, काढावा लागतो. त्याचे तीन भाग असतात: नळीतून किंवा ठरावीक तोंडातून येणाऱ्यांचा वाटा, रस्ते-शेतं-मोकळ्या जमिनीवरून वाहून येणाऱ्याचा वाटा, आणि अंदाज चुकला तर हाताशी असावा म्हणून राखून ठेवलेला वाटा. हा राखीव भाग आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो, कारण निसर्गाचा अंदाज शेवटच्या ग्रॅमपर्यंत कुणालाच करता येत नाही.

एक काल्पनिक तलाव घेऊन वाटणी करू. समजा त्याला दिवसाला ३ किलो फॉस्फरस सोसतो. वाहून येणाऱ्या पाण्यातून सरासरी १ किलो येतो. राखीव ठेवला ०.३ किलो. नळ्यांसाठी उरले १.७ किलो. आता काठावर आपल्या उदाहरणासारख्या दहा सोसायट्या आहेत आणि प्रत्येकीच्या पाण्यात फॉस्फरस ५ मिलिग्रॅम आहे. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण निकषात विरघळलेल्या फॉस्फेटसाठी हीच मर्यादा आहे, म्हणजे दहाही ‘मर्यादेत’. बेरीज मात्र अडीच किलो. तलाव बुडाला.

सगळ्यांनी तो १ मिलिग्रॅमवर आणला, तर बेरीज होते अर्धा किलो. तलाव-तळ्यांत सोडल्या जाणाऱ्या पाण्यासाठी राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात हाच १ चा आकडा धरला आहे. पण वस्ती वाढून तिथे चाळीस सोसायट्या झाल्या, तर सगळे १ वर असूनही २ किलो होतात आणि मर्यादा पुन्हा ओलांडली जाते. वस्ती झपाट्याने वाढणाऱ्या आपल्या शहराने ही शेवटची ओळ विशेष लक्षात घ्यावी, असं आम्हाला वाटतं.

हे सगळं परदेशी आहे असं मात्र समजू नका. आपल्या १९७४ च्या जल प्रदूषण अधिनियमाच्या कलम १७ मध्ये राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला एक काम दिलं आहे: एखाद्या विशिष्ट प्रवाहात सोडायच्या सांडपाण्याचे निकष ठरवताना, कोरड्या हवामानात त्या प्रवाहात कमीत कमी किती पाणी मिसळायला मिळतं आणि त्या पाण्याची सहनशक्ती किती, हे दोन्ही लक्षात घ्यायचं. विचार आपल्या कायद्यात पन्नास वर्षांपासून आहे. तो प्रत्येक तलावाच्या आकड्यापर्यंत उतरायला हवा.

नागपुरात हिशेब नवतप्याचा धरावा

मर्यादा नेहमी सर्वात वाईट दिवसांवरून काढतात. आपल्याकडे ते दिवस मे महिन्याच्या शेवटी येतात. २० अंशाला पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३५ अंशाला ७ च्याही खाली येतो. त्याच वेळी जिवाणूंची भूक वाढलेली असते, तलाव आटलेला असतो आणि नाल्यांना वरून येणारं स्वच्छ पाणी नसतं. नाग नदी लाव्हाच्या टेकड्यांतून निघते, पण उन्हाळ्यात शहरातून जे वाहताना दिसतं ते बहुतांश सांडपाणीच असतं. मिसळायला स्वच्छ पाणीच नसल्यामुळे आपण जे सोडतो, तीच नदी होते. पुढे नाग आणि पिवळी मिळून कन्हानला जातात, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसीखुर्द धरणात साठतं. आपले किलो भंडाऱ्यापर्यंत पोचतात ते असे.

अंबाझरीचं दुखणं थोडं वेगळं आहे. या जुन्या तलावातून कधीकाळी शहराला पिण्याचं पाणी जात होतं. आज त्याच्या पाणलोटात वाडी आणि हिंगणा एमआयडीसीचा भाग येतो. जलकुंभी काढण्याच्या मोहिमा होतात आणि त्या व्हायलाच हव्यात. पण काढलेली वनस्पती काठावरच कुजू दिली, तर तिच्यातला फॉस्फरस पहिल्या पावसात परत तलावात जातो. ती लांब नेऊन तिचं खत करायला हवं.

येणं थांबवलं की तलाव लगेच सुधारतो का? सिएटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये १९६८ पर्यंत सगळं सांडपाणी दुसरीकडे वळवलं. त्याआधी उन्हाळ्यात जेमतेम एक मीटर खोलीपर्यंत दिसायचं, १९७० च्या दशकात ते तीन मीटरच्या पुढे गेलं. पण तो तलाव खोल आहे. गांधीसागर, सक्करदरा, सोनेगाव यांसारख्या उथळ तळ्यांच्या तळातल्या गाळात वर्षानुवर्षांचा फॉस्फरस साठलेला असतो आणि तळाचा प्राणवायू संपला की तो पुन्हा वर येतो. इथे धीर धरावा लागेल, कदाचित गाळही काढावा लागेल. पण वरून येणारं आधी थांबवल्याशिवाय गाळ काढणं म्हणजे पैसा पाण्यात घालणं आहे.

मोठ्या प्रमाणावरचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरासाठी २०१० मध्ये सहा राज्यं आणि वॉशिंग्टन शहर मिळून वर्षाला सुमारे ८.४ कोटी किलो नायट्रोजन आणि ५७ लाख किलो फॉस्फरस अशी मर्यादा ठरली. उपाय २०२५ पर्यंत पूर्ण करायचे होते. सांडपाणी प्रकल्पांनी आपलं लक्ष्य कितीतरी आधी गाठलं. शेतजमिनीवरून वाहून येणारं मात्र आटोक्यात आलं नाही. नळीच्या तोंडाशी माणूस उभा करता येतो, पावसाच्या तोंडाशी नाही. म्हणूनच नळीवाल्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, आपला वाटा आधी पूर्ण करावा.

तुमच्या आवारात काय करता येईल

सर्वात आधी, बाहेर जाणाऱ्या पाण्यावर फ्लो मीटर बसवा. तो नसेल तर किलो कळत नाहीत आणि बाकीचं सगळं अंदाजपंचे राहतं.

त्यानंतर पाण्याचा पुनर्वापर. भांडेवाडीच्या प्रकल्पात शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिलं जातं. शहर हे करू शकतं तर सोसायटीही करू शकते. फ्लश, बाग, पार्किंग धुणं यांत जेवढं पाणी वापराल, तेवढं नाल्यात जात नाही. पन्नासपैकी तीस घनमीटर आवारातच वापरलं, तर कुठलंही नवं यंत्र न लावता तुमचे किलो निम्म्याहून खाली येतात. उन्हाळ्यात टँकरचा खर्चही वाचतो. एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका: हे पाणी कुलरमध्ये भरू नका. कुलरमधून उडणारे बारीक थेंब श्वासातून आत जातात. लहान मुलं आणि वृद्ध असलेल्या घरात हा धोका अजिबात घेऊ नये.

पाणी नाल्यात किंवा तळ्याकडे जात असेल, तर फॉस्फरससाठी तुरटीचा किंवा फेरिक क्लोराइडचा डोस द्यावा लागतो. प्रमाण प्रत्येक प्रकल्पाचं वेगळं असतं. ते आम्ही तुमच्याच पाण्यावर चाचणी घेऊन ठरवतो. डोस दिला की गाळ वाढतो, आणि सगळा फॉस्फरस त्या गाळातच असतो. तो गाळ रात्री हळूच नाल्यात सोडला, तर वर्षभराची मेहनत एका तासात वाया जाते. सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाडीचंही तेच. गाडी कुठे रिकामी होते, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. विचारा.

ब्लोअर, म्हणजे टाकीतल्या पाण्यात हवा सोडणारं यंत्र, वीज वाचवण्यासाठी रात्री बंद ठेवू नका. प्राणवायूवाचून जिवाणू तासाभरात मरत नाहीत, पण रोज सहा-सात तास बंद राहिला तर सकाळी सहा ते नऊच्या लोंढ्याला ते पुरे पडत नाहीत. पावसाळी नालीत कुणी बाथरूमचा पाइप जोडला आहे का, हेही मृगाच्या आधी एकदा पाहून घ्या.

कायद्याने तुम्हाला बांधणारे आकडे तुमच्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात आहेत. त्यात पाण्याचं प्रमाण आणि गुणवत्ता दोन्ही लिहिलेली असतात. ते पत्र शोधून ठेवा; आमची पहिली भेट त्यावरूनच सुरू होते.

आम्ही काय देतो

यापुढे आमच्या मासिक अहवालासोबत एक भारपत्रक असेल. त्यात बीओडी, फॉस्फरस आणि नायट्रोजन यांचे रोजचे किलो, मागच्या महिन्याशी तुलना आणि पाणी शेवटी कुठल्या नाल्यात, नदीत वा तळ्यात पोचतं, हे लिहिलेलं असेल. त्यासाठी आम्ही एका बाटलीवर भागवणार नाही. सकाळी अकराला घेतलेला एकच नमुना दिवसभराची गोष्ट सांगू शकत नाही, म्हणून चोवीस तासांत ठरावीक अंतराने नमुने घेऊन, त्या-त्या वेळच्या प्रवाहाच्या प्रमाणात ते एकत्र करू. मंगल कार्यालयांनी लग्नाच्या तिथीचा एक दिवस आणि रिकामा एक दिवस असे दोन दिवस द्यावेत. दोन्हींत फार मोठा फरक असतो.

नमुने घ्यायला येण्याची तारीख आदल्या आठवड्यात कळवू. त्या दिवशी ऑपरेटर आवारात हवा आणि आउटलेटच्या चेंबरची चावी त्याच्याकडे हवी. आमच्यासाठी टाक्या धुऊ नका, ब्लोअर किंवा डोस वाढवू नका. प्रकल्प रोज चालतो तसाच चालू द्या.