रेग्युलेटर: हाताने फिरणारा आणि आपोआप सावरणारा

वाफेच्या इंजिनात ड्रायव्हर ज्या दांड्याने सिलिंडरकडे वाफ सोडतो, तो रेल्वेचा रेग्युलेटर. चढ लागला की हात लावायचा ड्रायव्हरनेच. जेम्स वॉटने 1788 मध्ये इंजिनाला लावलेला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर निराळ्या जातीचा. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप आपोआप आवळते. आज रेग्युलेटर हे नाव दोन्ही जातींना चिकटलेले आहे. गोंधळ होतो तो त्यामुळे.

पंख्याचा रेग्युलेटर पहिल्या जातीचा. जुन्या चौकोनी डब्यात रेझिस्टन्सची तार गुंडाळलेली असे. पंखा हळू केला की बरीचशी वीज त्या डब्यातच उष्णता होऊन जाई, म्हणून डबा चटका द्यायचा. हल्लीच्या टप्प्यांच्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात. त्यातला एखादा कमजोर झाला की पंखा दोन-तीनवर रेंगाळतो, पण पाचवर ठणठणीत पळतो, कारण पाचवर वीज थेट जाते. पाचवरही मंद असेल, तर आधी पंख्याचा स्वतःचा कपॅसिटर तपासावा. उगाच रेग्युलेटर बदलून पैसे घालवू नयेत.

गॅसचा रेग्युलेटर मात्र दुसऱ्या जातीचा. 14.2 किलोच्या घरगुती सिलिंडरमधला दाब उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलतो. आपल्याकडे तो दर चौरस सेंटिमीटरला काही किलो असतो. शेगडीला लागतो जेमतेम 30 ग्रॅम. आत स्प्रिंगखाली रबरी पडदा असतो. शेगडीकडचा दाब वाढला की पडदा उचलला जातो, झडप मिटते. बर्नर पेटवला की पुन्हा उघडते. पडद्याच्या वरच्या बाजूला हवेसाठी बारीक भोक असते. ते तेलकट मळाने बुजले की दाबाचा हिशेब चुकतो. बाहेरचा खटका फक्त चालू-बंद करायचा. आच कमी करायला तो अर्धवट फिरवू नये. जोडावर गळती असेल तर पुष्कळदा दोष रेग्युलेटरचा नसून सिलिंडरच्या व्हॉल्व्हमधल्या फाटक्या रबरी रिंगचा असतो.

शेअर बाजारात हे दोन्ही प्रकार एकामागोमाग आले. 1947 च्या कायद्याखाली कंपनीने भांडवल किती आणि कोणत्या भावाने उभारायचे हे सरकारी कंट्रोलर ठरवी. 1988 मध्ये स्थापन झालेल्या सेबीला, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेला, 1992 मध्ये कायद्याचे अधिकार मिळाले. त्याच वर्षी कंट्रोलरचे पद गेले. भाव कंपनीने ठरवावा, माहिती मात्र पुरती उघड करावी, असा नवा दंडक आला. 2001 पासून बाजाराचा निर्देशांक (सेन्सेक्स किंवा निफ्टी) 10, 15 किंवा 20 टक्के हलला की सगळा बाजार थांबतो. 23 मार्च 2020 ला निर्देशांक 10 टक्के घसरताच व्यवहार 45 मिनिटे बंद पडले. त्यासाठी कुणाच्या आदेशाची वाट पाहावी लागली नाही.