भ आणि म यांच्यातली फट

बालवर्गातलं हस्तकलेचं अक्षर बहुतेक वेळा कापूस, मणी, चमकी यांनी मढवलेलं असतं. भिंतीवर ते शोभून दिसतं, पण डोळे मिटून त्यावर बोट फिरवलं तर हाताला लागतात नुसते गोळे. सगळ्या मुलांना एकत्र शिकवायचं असेल, तर अक्षर बोटाला वाचता यायला हवं.

देवनागरीत एक अडचण हमखास येते. भ-म, ध-घ आणि थ-य या जोड्या घ्या. प्रत्येक जोडीतल्या पहिल्या अक्षराची शिरोरेषा तुटलेली असते, दुसऱ्याची सलग. शिरोरेषा म्हणून सरसकट आडवी सुतळी चिकटवली की ही खूणच पुसली जाते. फट ठेवली पण ती दोन-तीन मिलिमीटरचीच असली, तर बोट तिच्यावरून घसरत पुढे जातं. बोटाचं टोक आत उतरेल इतकी, म्हणजे निदान १ सेंमी फट ठेवा.

अक्षरासाठी १२० नंबरचा पॉलिश पेपर घ्या. ६० नंबरचा खरखरीत कागद कोवळ्या बोटांना ओरखडतो आणि मूल पुन्हा त्याला हात लावत नाही. अक्षराची उंची १० सेंमी, रेघेची जाडी १ सेंमी. कागदाच्या मागच्या बाजूला आखणार असाल तर अक्षर आरशातल्यासारखं उलटं आखा. इथे मोठी माणसंही चुकतात. कापायचं काम मोठ्यांनीच करायचं. शिरोरेषा मऊ फेल्टच्या अरुंद पट्टीची करा, म्हणजे अक्षर कुठलं आणि रेघ कुठली हे हाताला वेगळं कळतं. पांढरा डिंक पातळ पसरा, कापलेलं अक्षर कार्डावर चिकटवा आणि कार्ड रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवा. डिंक कडेला ओघळून वाळला तर तिथे टणक कड तयार होते आणि बोट तिलाच अक्षर समजतं. कार्डाचा वरचा उजवा कोपरा तिरका कापला की न पाहताही ते सुलटं धरता येतं.

इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केलं, तिथे अशी खरखरीत अक्षरं होती. त्याआधी त्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत काम केलं होतं, आणि त्या अनुभवातूनच ही पद्धत आली. म्हणजे ‘खास मुलांसाठी वेगळं साहित्य’ ही वाटणी मुळातच कच्ची आहे.

अंध मुलासाठी त्याच कार्डावर ब्रेल लिहा. ब्रेलमध्ये म म्हणजे सहा उठावदार बिंदूंपैकी १-३-४ क्रमांकांचे आणि भ म्हणजे ४-५ क्रमांकांचे बिंदू, त्यामुळे वरचा घोळ तिथे होतच नाही. पण बाटलीच्या सहा झाकणांचं ‘मोठं ब्रेल’ फक्त बिंदूंच्या जागा शिकवायला चालतं. खऱ्या ब्रेलचे बिंदू एकमेकांपासून साधारण अडीच मिलिमीटरवर असतात, म्हणून अख्खं अक्षर एका स्पर्शात कळतं.

काही मुलांना खरखरीत किंवा चिकट स्पर्श अजिबात सोसत नाही. त्यांचा हात धरून तो कार्डावर ठेवू नका. २०×२५ सेंमीच्या झिपच्या पिशवीत तीन मोठे चमचे घट्ट रंग भरा, हवा काढा, तोंडावर रुंद टेप लावा आणि चारही कडा टेबलाला चिकटवा. मूल वरून बोटाने अक्षर काढतं, हात कोरडाच राहतो. रंग जास्त झाला तर रेघ लगेच भरून येते. मग पिशवी फुगवून ठेवण्यापेक्षा चमचाभर रंग काढून टाका.

ऐकू कमी येणाऱ्या मुलाला प, फ, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. इथे पातळ टिश्यूची २ सेंमी रुंद, १२ सेंमी लांब पट्टी कामाला येते. ती ओठांपासून पाच-सहा सेंमीवर धरा. ‘प’ला ती जेमतेम हलते, ‘फळा’तल्या ‘फ’ला जोरात उडते, कारण त्यात हवेचा झोत असतो. पट्टी फार जवळ धरली तर दोन्ही वेळा उडते, आणि जाड कागद हलतच नाही. ‘ब’साठी गळ्यावर बोटं ठेवून कंप जाणवू द्या. ‘म’ला ओठ मिटलेलेच ठेवून आवाज लांबवा, नाकाच्या बाजूला थरथर लागते. ‘फ’ इंग्रजीतल्यासारखा, खालचा ओठ दातांना लावून म्हणायची सवय असेल तर पट्टीचा खेळ फसतो. शिक्षकांनी आधी आरशासमोर स्वतःचे ओठ तपासून घ्यावेत.