बंदी प्रत्यक्षीकरण

एखाद्याला कोंडून ठेवणाऱ्याने त्याला न्यायालयापुढे हजर करावे आणि कोणत्या कायद्याच्या आधारे कोंडले ते सांगावे, असा न्यायालयाचा आदेश. मराठीत यासाठी देहोपस्थिती हा शब्दही वापरतात. वकिलांच्या तोंडी मात्र हेबिअस कॉर्पसच असते. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ ‘देह हजर कर’ एवढाच.

संविधानाच्या अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालय आणि अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालये हा आदेश काढतात. याचिका कोंडलेल्यानेच करायला हवी असे नाही. बायको, भाऊ, मित्र, कोणीही करू शकतो. आत असलेल्याच्या हाती कागद-पेन असेलच, हे कोण सांगणार? तिहार तुरुंगातून सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेले साधे पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानून चालवले. धरलेला माणूस भला की बुरा, याची चर्चा इथे होत नाही. त्याला कोंडण्याचा अधिकार होता का आणि तो कायद्याने घालून दिलेल्या रीतीने वापरला का, एवढेच पाहिले जाते. उत्तर देण्याची जबाबदारी कोंडणाऱ्याची.

इंग्लंडच्या संसदेने १६७९ मध्ये यासाठी कायदा केला. बंद्याला हजर करण्यात टाळाटाळ करणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याला त्यात पहिल्या खेपेस १०० पौंड दंड होता. भारतात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४९१ मध्येही हा उपाय होता.

त्याची खरी कसोटी लागली आणीबाणीत. २५ जून १९७५ ला आणीबाणी जाहीर झाली आणि दोनच दिवसांत राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ (समानता, जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य, अटकेबाबतचे संरक्षण) यांसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. हजारो लोक मिसाखाली, म्हणजे खटल्याविना कोंडू देणाऱ्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, आत गेले. मिसाबंदी हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला तो तेव्हाच. तरीही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले की स्थानबद्धता कायद्याला धरून आहे का, हे आम्ही तपासू शकतो. त्या काळात असे म्हणायला छाती लागत होती.

सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले. खटला एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल या नावाने ओळखला जातो. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले: एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला, तर दाद मागता येईल का? आणीबाणी असेपर्यंत नाही, असे उत्तर आले. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक मतांनी सरकार जिंकले. बहुमतात सरन्यायाधीश अजितनाथ राय, न्या. मिर्झा हमीदुल्ला बेग, न्या. प्रफुल्लचंद्र भगवती आणि पुण्याचे न्या. यशवंत चंद्रचूड होते. बंद्यांना चाबकाने मारतील, उपाशी ठेवतील, ही वकिलांची भीती चंद्रचूडांनी बाजूला सारली. असे कधी घडणार नाही, अशी हिऱ्यासारखी लखलखीत आणि हिऱ्यासारखी कठीण आशा त्यांनी निकालपत्रात व्यक्त केली.

हा निकाल लागण्याच्या आठ आठवडे आधी, १ मार्च १९७६ ला, केरळमधील कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या राजन या विद्यार्थ्याला पोलिसांनी उचलून कक्कयमच्या छावणीत नेले होते. वडील ईचरा वारियर वर्षभर दारोदार फिरले. आणीबाणी उठताच, मार्च १९७७ मध्ये, त्यांनी केरळ उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका केली. राजनला आम्ही धरलेच नव्हते, असे सरकारने आधी सांगितले. न्यायालयाने ते मानले नाही आणि त्याला हजर करा, असा आदेश दिला. हजर करायला माणूस उरलाच नव्हता. मृतदेहही मिळाला नाही. मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. खन्नांच्या प्रश्नात जे काल्पनिक वाटले होते, तसे निकाल येण्याआधीच घडून गेले होते.

एकट्याने विरोधी मत देणाऱ्या खन्नांना जानेवारी १९७७ मध्ये डावलून बेग यांना सरन्यायाधीश केले गेले. खन्नांनी राजीनामा दिला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २० व २१ स्थगित करता येणार नाहीत, अशी तरतूद केली. निकाल स्वतः मात्र तसाच राहिला. २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणाच्या हक्कावरील पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो रद्दबातल ठरवला. तो सदोष असल्याचे लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे यशवंत चंद्रचूडांचे पुत्र.

आज महाराष्ट्रात १९८१ च्या एमपीडीए, म्हणजे झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले अशांच्या धोकादायक कृत्यांना आळा घालणाऱ्या कायद्याखाली माणसाला खटला न चालवता वर्षभरापर्यंत स्थानबद्ध ठेवता येते. असे आदेश उच्च न्यायालयापुढे येतात, तेव्हा किचकट वाटणाऱ्या बाबींवर सुटका होऊ शकते: बंद्याच्या निवेदनावर सरकार विनाकारण किती दिवस बसून राहिले, जुन्या गुन्ह्यांचा आताच्या आदेशाशी काय संबंध, कारणे त्याला समजणाऱ्या भाषेत दिली का. यातली भाषेची अट मला सर्वांत मोलाची वाटते. लल्लूभाई जोगीभाई पटेल खटल्यात इंग्रजी न येणाऱ्या बंद्याला इंग्रजीत लिहिलेली कारणे पोलीस निरीक्षकाने गुजरातीत तोंडी समजावली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते पुरेसे मानले नाही. कारणे लेखी आणि त्याच्या भाषेत त्याच्या हाती पडली पाहिजेत. त्यांवाचून तो निवेदन तरी कशाविरुद्ध लिहिणार?