विनावैमानिक विमानातले दोन वैमानिक

१२ ऑगस्ट १९४४ची संध्याकाळ. इंग्लंडमधल्या फर्सफील्डच्या धावपट्टीवरून अमेरिकन नौदलाचं एक चार इंजिनांचं लिबरेटर विमान उडालं. नको ते सगळं सामान आतून काढून टाकलेलं, आणि त्या जागी पेट्यांच्या थप्प्या. पेट्यांत टॉरपेक्स हे जबर स्फोटक होतं, २१,१७० पौंड, म्हणजे साडेनऊ टनांहून जास्त. हे विमान परत येणारच नव्हतं. विमान म्हणजेच बॉम्ब, दुसऱ्या विमानातून रेडिओने लक्ष्यावर नेऊन आदळायचा.

चालवत होते लेफ्टनंट जोसेफ केनेडी ज्युनियर, वय २९. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींचे हे थोरले भाऊ. पाणबुड्यांच्या शोधातल्या त्यांच्या गस्ती पुऱ्या झाल्या होत्या आणि घरी जायची मुभाही होती, तरी या कामासाठी त्यांनी आपणहून नाव दिलं. सोबत होते लेफ्टनंट विल्फर्ड विली.

पण विमान रेडिओवर चालणार होतं, मग आत माणसं कशाला? उड्डाणासाठी. इतक्या वजनाचं विमान धावपट्टीवर सरळ ठेवायचं आणि नेमक्या क्षणी उचलायचं, हे त्या काळच्या रेडिओ-यंत्रणेच्या आवाक्याबाहेरचं होतं. एकदा दोन हजार फुटांवर विमान स्थिर झालं, की मागून येणाऱ्या व्हेंचुरा विमानातून त्याला हळूहळू वळवता येई. ताबा तिकडे गेला की दोघांनी स्फोटकं सज्ज करायची आणि इंग्लंडचा किनारा ओलांडण्याआधी पॅराशूटने उड्या मारायच्या.

पुढचे डोळे टेलिव्हिजनचे. लिबरेटरच्या नाकाडात छोटा कॅमेरा बसवला होता. तेव्हाच्या आयकॉनोस्कोप नळीत अभ्रकाच्या पत्र्यावर प्रकाशाला प्रतिसाद देणारे बारीक कण पसरलेले असत. जिथे उजेड पडेल तिथे विद्युतभार साठे आणि इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीओळीने फिरून तो वाचत जाई. अडचण एकच, या नळीला उजेड भरपूर लागे. मोबाइलवर ड्रोनचं चित्र बघणाऱ्या आपल्याला व्हेंचुरातल्या पडद्यावरचा धूसरपणा सोसला नसता.

मला मात्र या सगळ्यात कॅमेऱ्यापेक्षा सुरक्षा-पिन महत्त्वाची वाटते. अमेरिकन लष्करी हवाईदल अशाच मोहिमांत आदळल्यावर पेटणारे फ्यूज वापरत होतं. नौदलाने विजेवर चालणारी व्यवस्था निवडली. साध्या विद्युत डिटोनेटरमध्ये एक बारीक तार असते. प्रवाह गेला की ती तापते आणि तिला लागून असलेलं संवेदनशील स्फोटक पेटतं. आता हा प्रवाह हुकुमाने आला की कुठल्या बिघाडाने, हे तारेला कळायचं कसं? म्हणून मधे अडसर हवा आणि तो शेवटच्या घटकेपर्यंत टिकायला हवा. इथे तो अडसर, म्हणजे सुरक्षा-पिन, दूर करायचं काम आत बसलेल्या दोघांकडेच होतं. या विद्युत-मंडलाबद्दल (सर्किटबद्दल) तुकडीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स अधिकाऱ्याने आधीच शंका घेतली होती.

‘स्पेड फ्लश’ हा ताबा दिल्याचा सांकेतिक इशारा केनेडींनी रेडिओवरून दिला. त्यानंतर थोड्याच वेळात, सफकमधल्या ब्लायथबर्गजवळ, विमानाचा हवेतच स्फोट झाला. दोघांचेही देह मिळाले नाहीत. भरकटलेला रेडिओ-संदेश, मंडलातला दोष, तापलेलं सोलेनॉइड (विजेवर चालणारं चुंबकी वेटोळं), असे तर्क झाले. एकही सिद्ध झाला नाही.

लक्ष्य होतं उत्तर फ्रान्समधलं मिमोयेक. तिथे टेकडीच्या पोटात जर्मनांनी लंडनवर रोखलेली व्ही-३ ही लांबलचक नळ्यांची तोफ बांधायला घेतली होती. ६ जुलैलाच ब्रिटिश विमानांनी टॉलबॉय हे जमिनीत खोल घुसणारे बॉम्ब टाकून ती जागा निकामी केली होती. म्हणजे महिन्याभरापूर्वीच. पण ती निकामी झाल्याचं दोस्तराष्ट्रांना कळलेलं नव्हतं.

३ सप्टेंबरला नौदलाने दुसरं लिबरेटर पाठवलं, हेलिगोलँड बेटावरच्या पाणबुडीतळाकडे. या खेपेला वैमानिक सुखरूप खाली उतरला. विमान उत्तर समुद्र ओलांडून गेलं, पण आदळलं ते शेजारच्या ड्यून बेटावर.