नवा क्रॉस टाकला, तरी गाडी का थरथरते?

अँबेसिडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्या जळगाव-धुळ्याकडे अजून कामावर आहेत. त्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली: मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या शाफ्टचा सांधा, म्हणजे क्रॉस, नवा टाकला, "तरी गाडी थरथर करस!" आणि गॅरेजचं उत्तरही ठरलेलं: "चालवा, हजारेक किलोमीटरात बसून जाईल."

नाही बसत. ही थरथर भूमितीची आहे, आणि भूमिती रुळत नसते.

गिअरबॉक्स चेसिसला पक्का. मागचा अ‍ॅक्सल मात्र पाट्यांवर, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांवर, वरखाली होतो. दोघांना जोडणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला म्हणून दोन्ही टोकांना वाकणारा सांधा, म्हणजे क्रॉस लागतो, आणि लांबी कमीजास्त व्हायला दातेरी सरकता जोड. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने या सांध्याचा अभ्यास केला. त्याची खोड अशी, की वाकलेल्या अवस्थेत तो फिरणं जसंच्या तसं पुढे देत नाही.

ते असं. क्रॉसचे दोन दांडे एकमेकांना काटकोनात. एका दांड्याची टोकं पहिल्या शाफ्टभोवती वर्तुळात फिरतात, दुसऱ्याची दुसऱ्या शाफ्टभोवती. दुसरं वर्तुळ कललेलं असल्यामुळे पहिल्या शाफ्टच्या रोखाने पाहिलं तर ते लंबगोल दिसतं. पहिला शाफ्ट सारख्या अंशांनी सरकतो, पण काटकोन टिकवायचा तर दुसऱ्याला त्या लंबगोलावर कधी जास्त, कधी कमी अंश कापावे लागतात. दर फेऱ्यात दोनदा पुढे, दोनदा मागे. समजायला दोन शाफ्टमध्ये मुद्दाम मोठा, २० अंशांचा कोन घ्या: मिनिटाला १००० फेरे आत गेले, तर बाहेरचा वेग ९४० ते १०६४ असा हेलकावतो.

दुसऱ्या टोकाचा क्रॉस हाच हेलकावा उलटा करून पुसून टाकतो. अटी दोनच: दोन्हीकडचे कोन सारखे हवेत, आणि मधल्या नळीची, म्हणजे प्रोपेलर शाफ्टची, दोन्ही टोकांची क्रॉस धरणारी दुबेळकी एका रेषेत हवीत. सरकता जोड उपसून परत बसवताना ९० अंशांनी चुकला, तर पुसण्याऐवजी बेरीज होते: ८८३ ते ११३२! म्हणून शाफ्ट काढण्याआधी जोडावर आणि फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडायच्या चकतीवर) पंचाने खूण करा. खडूची खूण रॉकेलने धुताना जाते.

कोनांची अट आपणच मोडतो. जास्त माल भरता यावा म्हणून पाटे वाढवले, की मागची बाजू उचलते आणि कोन बदलतात. मग बंपरला लिंबू-मिरची टांगली जाते. टांगा बापडे, पण त्याने कोन जुळत नाही. कोन शून्य करणंही चूकच: मग क्रॉसच्या टोकांवर बसणाऱ्या वाटीतल्या बारीक सुया (बेअरिंगच्या) जागेवरून हलत नाहीत आणि क्रॉसवर खाचा पाडतात. एक ते तीन अंश बरे.

क्रॉस ठोकताना एक सुई आडवी पडली तर वाटी पूर्ण आत जात नाही, तिला धरणारी लॉकची कडी बसत नाही. हातोडा वाढवू नका, वाटी काढा, सुया ग्रीसने चिकटवा.

दोष ओळखायला कान पुरतो. रिव्हर्समधून पहिला टाकताना 'ठक्' झालं, तर क्रॉस, सरकता जोड किंवा डिफरन्शिअल (शाफ्टचं फिरणं मागच्या चाकांना देणारी दातेरी चाकं) ढिलं. सावकाश चालताना चिमणीसारखं चीं-चीं, म्हणजे क्रॉस कोरडा. थरथर टायरची की शाफ्टची? ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ५०० फेरे घेतं. डिफरन्शिअलचं गुणोत्तर चार असेल, तर शाफ्ट २०००. टायरची थरथर म्हणून संथ, बहुधा स्टेअरिंगला जाणवते. शाफ्टची बारीक, सीटखाली.

आणि तापीकाठच्या काळ्या मातीतून गाडी काढल्यावरच थरथर सुरू झाली असेल, तर पाना घेण्याआधी शाफ्ट खरवडून पाहा. मध्यापासून चार सेंटीमीटरवर एका बाजूला चिकटलेली १० ग्रॅम माती २००० फेऱ्यांना जवळपास पावणेदोन किलोच्या जोराने शाफ्टला ओढते. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट.