रेसिंग सीट, हार्नेस आणि हान्स: परवाना, कागदपत्रं आणि स्क्रुटिनीची तयारी

पहिल्या शर्यतीची गाडी बांधताना पैसे इंजिन आणि टायरवर संपतात, आणि सीट-बेल्टच्या वाट्याला जे उरेल ते येतं. माझ्या ओळखीच्या एकानं अशीच एक वापरलेली बकेट सीट घेतली होती. शेल धडधाकट, कापड नवंकोरं. पण ते कापड बदलताना कुणीतरी सीटवरचं लेबल उतरवून टाकलं होतं. पुण्याहून चेन्नईपर्यंत गाडी ट्रेलरवर नेली आणि एकही लॅप न मारता परत आणली. स्क्रुटिनिअरचं, म्हणजे शर्यतीआधी गाडी तपासणाऱ्याचं, बरोबरच होतं. लेबल नसलेली सीट कितीही मजबूत दिसली तरी ती आदळल्यावर टिकते की नाही, हे सांगणारा कुठलाही पुरावा त्याच्या हातात नव्हता.

म्हणून खरेदीच्या आधी कागद बघायचा. सीट, बेल्ट (हार्नेस) आणि मानेचं उपकरण (हान्स) या तीन वेगळ्या वस्तू नाहीत, एकाच साखळीच्या तीन कड्या आहेत. त्या याच क्रमानं घ्यायच्या.

आधी लायसन्स

भारतात मोटरस्पोर्टचा कारभार फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय बघते. चारचाकी स्पर्धांसाठी एफआयए या जागतिक संस्थेची भारतातली सदस्य तीच. तिच्या मान्यतेनं होणाऱ्या कुठल्याही शर्यतीत वा रॅलीत उतरायचं तर तिचं कॉम्पिटिशन लायसन्स लागतं. आरटीओच्या लायसन्सचा याच्याशी संबंध नाही. रॅलीला मात्र दोन्ही लागतात, कारण एका स्टेजहून, म्हणजे वेळ मोजल्या जाणाऱ्या टप्प्याहून, दुसऱ्या स्टेजला जाताना गाडी सार्वजनिक रस्त्यावरून, सगळे वाहतूक नियम पाळून चालवायची असते.

अर्ज संस्थेच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. सर्किट रेसिंग, रॅली, कार्टिंग असे प्रकार वेगळे आहेत, तेव्हा आपला प्रकार नीट निवडा. फोटो, जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, रक्तगट आणि नोंदणीकृत डॉक्टरची सही-शिक्का असलेला वैद्यकीय फॉर्म आधीच स्कॅन करून ठेवा. अर्जदार १८ वर्षांखालचा असेल तर पालकांचं संमतीपत्र जोडायचं. सर्किटवर नवखे असाल तर रेसिंग स्कूलच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही हाताशी असू द्या. कोइम्बतूर आणि चेन्नई ही या खेळाची जुनी गावं, शिकायची सोय तिथेच जास्त. लायसन्सचा हिशेब कॅलेंडर वर्षाचा असतो, त्यामुळे हंगाम सुरू होण्याआधीच काढलेलं बरं.

नाव आणि जन्मतारीख सगळ्या कागदांवर तंतोतंत एकच हवी. आपल्याकडे आधारवर वडिलांचं नाव मधे असतं, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात जातं. अर्ज अडकण्याचं हे अगदी साधं कारण.

यानंतरचा सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे त्या-त्या स्पर्धेची सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स. सगळे त्यांना ‘एसआर’ म्हणतात. कुठल्या दर्जाची सीट, कुठला बेल्ट, कुठलं हेल्मेट चालेल हे एसआर आणि तुमच्या क्लासचे तांत्रिक नियम मिळून ठरवतात. ते वाचल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. वन-मेक (सगळ्यांना एकसारख्या गाड्या असलेल्या) मालिकेत किंवा फॉर्म्युला एलजीबीसारख्या सिंगल-सीटर क्लासमध्ये गाडी सीट-बेल्टसकट मिळते, तुम्हाला फक्त हेल्मेट, हान्स आणि फायरप्रूफ कपडे आणायचे असतात. स्वतःची टूरिंग कार किंवा रॅलीची गाडी बांधणाऱ्याला खालचं सगळं लागू.

सीट

सीटवर जास्त करून दोन मानकं दिसतील. एफआयए ८८५५-१९९९ हे नेहमीचं. अशी सीट लेबलवरच्या उत्पादनाच्या तारखेपासून ५ वर्षं चालते. उत्पादकानं तपासून जादा लेबल लावलं तर आणखी जास्तीत जास्त २ वर्षं. दुसरं मानक ८८६२-२००९, कितीतरी कडक आणि महाग, पण त्या सीटची मुदत १० वर्षांची. विक्रेता ‘फक्त दोनच शर्यती झाल्यात’ म्हणतो तेव्हा शर्यती मोजू नका, तारीख बघा. मॉडेलचं नाव एफआयएच्या टेक्निकल लिस्टमध्ये पडताळता येतं. ८८५५ साठी लिस्ट क्रमांक १२, ८८६२ साठी ४०. दोन्ही एफआयएच्या संकेतस्थळावर मोफत आहेत.

बसवताना सगळं लक्ष फ्लोअरवर हवं. एफआयएच्या ‘अपेंडिक्स J’ या तांत्रिक नियमावलीतलं कलम २५३ सांगतं की सीटचे सपोर्ट गाडीच्या बॉडीला किमान ४ ठिकाणी, किमान ८ मिमी व्यासाच्या बोल्टनं आणि काउंटरप्लेट (पत्र्याच्या पलीकडच्या बाजूची आधाराची प्लेट) लावून बसवायचे. प्रत्येक ठिकाणी सपोर्ट, पत्रा आणि काउंटरप्लेट यांचा एकमेकांवर टेकणारा भाग किमान ४० चौरस सेंमी. सपोर्ट लोखंडी असेल तर जाडी ३ मिमीच्या खाली नको, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असेल तर ५ मिमी. काउंटरप्लेटचं महत्त्व गॅरेजमध्ये उभं राहून कळत नाही. फ्लोअरचा पत्रा पातळ असतो. नुसता बोल्ट आणि छोटा वॉशर असेल तर धडकेत तो पत्रा कागदासारखा फाटतो आणि सीट ड्रायव्हरसकट उपटून येते. प्लेट तोच जोर तळहाताएवढ्या भागावर पसरवते.

सीट मापाची हवी. खांदे आणि मांड्या घट्ट धरल्या गेल्या पाहिजेत. सैल सीटमध्ये उशा कोंबण्याची युक्ती करू नका. नियमानं सीट आणि अंगाच्या मधली उशी ५० मिमीपेक्षा जाड चालत नाही, आणि धडकेत ती दबते तेवढा बेल्ट सैल होतो.

हार्नेस

सध्याचं मानक एफआयए ८८५३-२०१६, सहा पट्ट्यांचा बेल्ट. पडताळणीसाठी लिस्ट ५७. लेबलवर होलोग्राम असतो आणि कोणत्या वर्षानंतर बेल्ट बाद हे छापलेलं असतं. ते वर्ष संपलं की बेल्ट संपला, मग तो पिशवीत न उघडलेला का असेना. अमेरिकेतून एखाद्या नातेवाइकाकडून मागवणार असाल तर नीट बघा. तिकडच्या एसएफआय या संस्थेच्या १६.१ मानकाच्या बेल्टची मुदत तारखेपासून फक्त २ वर्षं असते, आणि तुमच्या एसआरमध्ये तो चालतो की नाही हे वेगळंच.

चार पट्ट्यांचा स्वस्त बेल्ट घेण्याचा मोह टाळा. त्यात मांड्यांमधून येणाऱ्या पट्ट्या नसतात. समोरून धडक बसली की खांद्यांचे पट्टे कमरेचा पट्टा वर ओढतात आणि अंग त्याच्याखालून पुढे घसरतं. मग भार कमरेच्या हाडांऐवजी मऊ पोटावर येतो आणि आतले अवयव चिरडतात. कमरेचा पट्टा हाडावरच बसला पाहिजे, पोटावर नाही. तो आणि खालच्या पट्ट्या सीटच्या भोकांतून गेल्या पाहिजेत, सीटच्या कडेवरून नाही.

खांद्यांचे पट्टे सीटच्या वरच्या कडेपासून मागे आणि खाली जातात. हा कोन आडव्या रेषेशी ४५ अंशांपेक्षा जास्त चालत नाही, आणि १० अंशांच्या आत असावा अशी शिफारस आहे. म्हणून मागच्या सीटच्या पायथ्याशी असलेले बेल्टचे मूळ बोल्ट बहुतेक गाड्यांत या कामाला उपयोगाचे नाहीत. कोन तीव्र झाला की धडकेत पट्टे मणक्याला खाली दाबतात. योग्य जागा म्हणजे रोलकेजमधला, म्हणजे गाडीच्या आतल्या पाइपांच्या सांगाड्यातला, आडवा पाइप. नियमानं तो कोल्ड-ड्रॉन सीमलेस कार्बन स्टीलचा, किमान ३८ × २.५ मिमी किंवा ४० × २ मिमी हवा. बॉडीला नवं अँकर करायचं तर मागे किमान ४० चौरस सेंमीची आणि ३ मिमी जाडीची लोखंडी प्लेट. बेल्ट सीटला किंवा सीटच्या सपोर्टला बांधणं सरळसरळ मना आहे. दोन वेगवेगळ्या बेल्टचे भाग जोडणंही मना.

मान

बेल्टनं धड धरलं जातं, डोकं मात्र मोकळं असतं. ताशी दीडशेवरून गाडी भिंतीत थांबली की हेल्मेटसकट डोकं पुढे जात राहतं आणि सगळी ओढ मानेवर येते. कवटीच्या तळाचं हाड मोडतं. १९९४ साली इमोलाच्या सर्किटवर रेसर रोलांड रात्झनबर्गर असाच गेला, २००१ साली डेटोनाला डेल अर्नहार्ट. यावरचा उपाय तेव्हा आधीच तयार होता. मिशिगन स्टेट विद्यापीठातले रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, रेसर जिम डाउनिंग यांनी १९८० च्या दशकातच हान्स, म्हणजे खांद्यांवर बेल्टखाली बसणारं आणि पट्ट्यांनी हेल्मेटला जोडलेलं उपकरण, बनवला होता. फॉर्म्युला वननं तो २००३ मध्ये सक्तीचा केला. इतकी वर्षं हे उपकरण असून माणसं त्याविना धावत राहिली, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

कागदावर याला एफएचआर (फ्रंटल हेड रिस्ट्रेंट) म्हणतात. लेबलवर एफआयए ८८५८-२००२ किंवा ८८५८-२०१० शोधा, पडताळणी लिस्ट २९ मध्ये. एसएफआय ३८.१ चं लेबल असेल तर दर ५ वर्षांनी फेरतपासणी लागते. माप मानेच्या घेरावरून ठरतं आणि कोन बसण्याच्या पद्धतीवरून. सरळ बसायच्या सलून कारला साधारण २० अंशांचा, मागे रेललेल्या सिंगल-सीटरला त्याहून जास्त. मित्राचा उसना घेताना म्हणूनच जपून. फॉर्म्युला कारचा हान्स पोलोसारख्या बंद गाडीत घातला तर तो खांद्यांवर नीट बसत नाही.

हान्स बेल्टखाली दबलेला राहिला तरच काम करतो. गाडीबरोबर येणाऱ्या तीन-पट्टी बेल्टबरोबर तो निरुपयोगी आहे. आणि खांद्यावर दोन इंचांचा पट्टा ‘फक्त एफएचआरसाठी’ असं लिहिलेला असेल तर तो हान्सशिवाय लावू नका.

हेल्मेटला दोन्ही बाजूंना हान्सचे टर्मिनल (पट्टे अडकवायच्या खुंट्या) बसवायची कंपनीनंच केलेली सोय हवी. एफआयए ८८५९-२०१५ किंवा स्नेल या हेल्मेट-चाचणी संस्थेचं एसए मानक बघा. स्नेलचं ‘एम’ म्हणजे मोटरसायकलचं, त्याची आगीची चाचणी झालेली नसते. हेल्मेटला घरी ड्रिल मारणं म्हणजे तीस-चाळीस हजारांची वस्तू बाद करणं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यावर भरवसा ठेवणं.

स्क्रुटिनीच्या सकाळी

एका फाइलमध्ये लायसन्स, प्रवेश अर्जाची प्रत, सही केलेलं इंडेम्निटी (जोखीम स्वीकारल्याचं पत्र), गाडीचे कागद आणि प्रत्येक सुरक्षा-वस्तूचं बिल ठेवा. सीट बसवण्याआधीच तिच्या लेबलचा स्पष्ट फोटो काढून प्रिंट लावा, कारण नंतर ते लेबल वाचायला आरसा आणि टॉर्च लागतो. फोटो असला तरी मूळ लेबल दिसलंच पाहिजे. स्क्रुटिनिअर सीट हलवून बघेल, बोल्ट आणि प्लेट खालून बघेल, बेल्टची कड बोटांनी चाचपेल. कातरलेला, उन्हानं विटलेला किंवा ॲसिड-पेट्रोल लागलेला पट्टा तिथेच बाद. रॅलीत बेल्ट कापायचे दोन कटर ड्रायव्हर आणि को-ड्रायव्हर दोघांच्याही हाताला लागतील असे हवेत.

आदल्या आठवड्यात घरीच पूर्ण पोशाखात बसून, बेल्ट आवळून, हान्स जोडून बघा. मान दोन्ही आरशांकडे वळते का? बकल एका हातानं सुटतं का? मग डोळे मिटून गाडीतून बाहेर पडा, हे चार-पाचदा करा.

रोजच्या गाडीत हे बसवू का, असं बरेच जण विचारतात. बसवू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि कलम १८२अ नुसार बेकायदा बदलाला दर बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. बऱ्याच नव्या गाड्यांच्या मूळ सीटमध्ये साइड एअरबॅग असते, ती सीटबरोबर निघून जाते. ट्रॅक डेला, म्हणजे सर्किटवर हौसेनं गाडी पळवायच्या दिवशी, रोजची गाडी नेणार असाल तर आयोजकाचे नियम वाचा, मूळ सीट, मूळ बेल्ट आणि चांगलं हेल्मेट यांवर जा.

मोठी धडक झाली तर बेल्ट बदलायचा, तो बाहेरून कितीही धड दिसो. पट्टा एकदा ताणला गेला की पुन्हा तेवढाच जोर झेलेल याची खात्री नसते. सीट, हान्स आणि हेल्मेट उत्पादकाला दाखवल्याशिवाय पुढच्या एन्ट्रीचा फॉर्म भरू नका.